साइट, १९७५-७६: वर्षभराच्या उसन्या उपग्रहावर भरलेली शाळा

सप्टेंबर १९६९मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात एक करार झाला. नासा आपला एक प्रायोगिक उपग्रह भारताला वर्षभर वापरू देणार होती. जमिनीवरचं सगळं, म्हणजे भूस्थानक, गावोगावचे दूरचित्रवाणी संच, कार्यक्रम आणि दुरुस्ती, भारतानं आपल्या खर्चानं उभं करायचं होतं. पैशांची देवघेव नव्हती आणि वर्ष सरलं की उपग्रह परत जाणार होता.

त्या वेळी आपल्या देशात दूरचित्रवाणी म्हणजे दिल्ली. १५ सप्टेंबर १९५९ला सुरू झालेलं ते एकच केंद्र होतं. मुंबईकरांना आपलं केंद्र मिळायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. अशा देशानं १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात, पक्की सडकही धड न पोचलेल्या सुमारे २४०० गावांत उपग्रहावरून थेट शाळा भरवली. सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्स्परिमेंट हे तिचं लांबलचक नाव. कामातली माणसं नुसतं 'साइट' म्हणत.

साइटवर जे लिहिलं जातं त्यात बहुधा अंतराळ संशोधनाचा गौरव असतो. तो रास्तच आहे. पण दूरशिक्षणाच्या बाजूनं पाहिलं तर या प्रकरणातला उपग्रह हा सगळ्यात कमी त्रास देणारा भाग होता. खरी परीक्षा जमिनीवर झाली. तिचा निकाल नीट लिहूनही ठेवला गेला, आणि पुढच्या धोरणकर्त्यांनी त्यातलं सोयीचं तेवढंच वाचलं. माझा सगळा रोख त्यावर आहे.

निर्णय काय होता?

दूरशिक्षण तोवर आपल्याकडे टपालानं चालत होतं. दिल्ली विद्यापीठानं १९६२मध्ये पत्रव्यवहारानं पदवीचे अभ्यासक्रम सुरू केले होते. टपालाच्या शिक्षणाला एक अट आपोआप लागते: शिकणाऱ्याला वाचता यायला हवं. १९७१च्या जनगणनेत देशातले निम्म्याहून कितीतरी जास्त लोक निरक्षर होते, त्यामुळे टपाल त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. रेडिओ होता, पण रोप कसं लावायचं किंवा क्षारसंजीवनी कशी कालवायची हे ऐकून कळण्यापेक्षा बघून लवकर कळतं.

दूरचित्रवाणी आणायचं ठरलं तर सरळ वाट अशी होती: आधी मोठ्या शहरांत केंद्रं काढायची, मग लहान शहरांत, आणि पैसे उरले तर खेड्यांत. जगभर तसंच झालं होतं. भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचा पाया घालणाऱ्या विक्रम साराभाईंचा आग्रह उलटा होता. उपग्रहाला शहर आणि खेडं सारखंच दूर. मग जे गाव एरवी रांगेत शेवटी राहिलं असतं, तिथूनच सुरुवात का करू नये? हा विचार हवेतला नव्हता. दिल्लीजवळच्या ८० गावांत सामुदायिक संच बसवून २६ जानेवारी १९६७पासून शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम दाखवले जात होते, त्यामागे साराभाईंचाच पुढाकार होता. लोक चावडीवर जमतात, बघतात आणि बघितलेल्यावर बोलतात, एवढं तिथे दिसलं होतं.

साराभाई ३० डिसेंबर १९७१ला गेले. प्रयोग पार पाडला तो इस्रोच्या पुढच्या फळीनं. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक यशपाल होते आणि साइटच्या कार्यक्रम व्यवस्थापनाची धुरा एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होती. चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. आपल्याकडे त्यांचं नाव व्हायला हवं होतं तितकं झालं नाही, हे जाता जाता नोंदवतो.

कोंबड्यांची जाळी

नासाचा एटीएस-६ हा उपग्रह ३० मे १९७४ला उडाला, पहिलं वर्ष अमेरिकेच्या कामाला होता आणि मग सरकवत सरकवत पूर्व आफ्रिकेवर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणला गेला. त्याची स्वतःची छत्री, म्हणजे अँटेना, ९ मीटर व्यासाची होती. वर एवढी मोठी छत्री असल्यानं खाली लहानशी छत्री पुरली: ३ मीटरची, आणि तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. प्रक्षेपण ८६० मेगाहर्ट्‌झवर होतं, म्हणजे लहरीची लांबी जवळजवळ ३५ सेंटिमीटर. जाळीची भोकं त्या मानानं इतकी बारीक की लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच. पत्र्यापेक्षा ती स्वस्त होती, हलकी होती आणि वाऱ्याला वाट देत होती. संच हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीनं बनवले. गाव निवडताना मागासपणा बघितला गेला, पण संच ठेवायला शाळा किंवा पंचायतघरासारखी सार्वजनिक जागा आणि शक्यतो वीजही लागायची. वीज नव्हती तिथे काही संच बॅटरीवर चालवले.

सहा राज्यांत अशा गावांचे पुंजके होते: राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र आणि कर्नाटक. मध्य प्रदेशातला पुंजका म्हणजे रायपूर-बिलासपूरचा, आजचा छत्तीसगड. कर्नाटकातली गावं विजापूर, गुलबर्गा, रायचूर जिल्ह्यांतली होती, म्हणजे आपल्या सोलापूरच्या शेजारची. महाराष्ट्र यादीत नव्हता आणि प्रक्षेपणाच्या चार भाषांत मराठीही नव्हती. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड या त्या चार.

गावं पुंजक्यांत निवडण्यामागे एक व्यवहारी कारण होतं, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं. संच बिघडणार हे गृहीत धरलं होतं. बिघडला की दुरुस्तीवाल्याला जीपनं एका फेरीत पोचता आलं पाहिजे. देशभर एकेक गाव विखरून टाकलं असतं तर नकाशा भरगच्च दिसला असता आणि निम्मे संच महिन्याभरात बंद पडले असते. प्रत्येक संचामागे गावातला एक माणूस नेमलेला होता: तो संच उघडायचा, सुरू करायचा, बंद करायचा, आणि बिघाड झाला की कळवायचा. साइटच्या वर्षात बहुतेक संच बहुतेक दिवस चालू राहिले त्याचं श्रेय या माणसाला आणि त्या जीपला आहे. पुढच्या काळात सरकारी योजनांतून खेड्यांत वाटलेल्या सामुदायिक संचांचं काय झालं हे ज्यांनी पंचायतीच्या कपाटात धूळ खाणारे संच पाहिलेत त्यांना सांगायला नको. तंत्र तेच होतं, मागची जीप तेवढी काढून घेतली गेली होती.

साडेबावीस मिनिटं

रोज चार तास प्रक्षेपण. सकाळचा दीड तास ५ ते १२ वयाच्या शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळचे अडीच तास मोठ्यांसाठी. सकाळच्या दीड तासाचे चार भाषांत वाटे केले की प्रत्येकीला साडेबावीस मिनिटं येतात. उपग्रहावरून चित्राबरोबर दोन ध्वनिवाहिन्या पाठवता येत होत्या, म्हणून संध्याकाळी एकच चित्र तेलुगू आणि कन्नड अशा दोन आवाजांत जाऊ शकत होतं. वेळ वाचवायची ही युक्ती होती. पण ती वापरली की दोन्ही भाषकांना तीच शेती आणि तेच घर बघावं लागतं, मग ते कुणाचंच फारसं नसतं.

मुलांच्या विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोनं मुंबईच्या आपल्या स्टुडिओत केले. यशपाल हे मुळात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ. मुलाला प्रश्न पडू देणं हेच विज्ञानशिक्षण, अशा मताचा माणूस. त्या विज्ञानमालिकेत पाठ्यपुस्तक वाचून दाखवायचं नाही हे ठरलेलं होतं. बाकीचे कार्यक्रम आकाशवाणीच्या दूरचित्रवाणी शाखेनं दिल्ली, कटक आणि हैदराबादच्या केंद्रांत केले. ही शाखा पुढे १ एप्रिल १९७६ला, साइट चालू असतानाच, दूरदर्शन म्हणून वेगळी झाली.

संध्याकाळच्या प्रक्षेपणात अर्धा तास सगळ्यांसाठी समान होता, त्यात दिल्लीहून हिंदी बातम्या. प्रयोग सुरू होण्याआधी जेमतेम पाच आठवडे आणीबाणी पुकारली गेली होती, तेव्हा त्या बातम्या कुठल्या रंगाच्या असतील हे वेगळं सांगायला नको. बिगरहिंदी गावांत त्या सुरू झाल्या की लोक उठून घरी जात. हिंदी पट्ट्यातही सगळं आलबेल नव्हतं. दरभंग्याकडची मैथिली बोलणारी बाई आणि बिलासपूरकडचा छत्तीसगढी बोलणारा शेतकरी, दोघांनाही दिल्लीची हिंदी ही पुस्तकातली भाषा होती. नकाशावर चार भाषा होत्या, गावांत त्याहून कितीतरी जास्त होत्या.

बारा दिवसांचा वर्ग

या सगळ्या प्रकरणात माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग सगळ्यात कमी सांगितला जातो. ऑक्टोबर १९७५मध्ये, आणि पुन्हा १९७६च्या उन्हाळ्यात, शाळा बंद असताना हेच संच बारा-बारा दिवस प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वापरले गेले. विषय होता प्राथमिक शाळेतलं विज्ञान. आखणी एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय संस्थेच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राची होती. एका खेपेला सुमारे २४,००० शिक्षक. म्हणजे एका संचापुढे सरासरी दहा.

दहा हा आकडा थोडा थांबून बघण्यासारखा आहे. संध्याकाळच्या प्रक्षेपणाला सुरुवातीला तोबा गर्दी व्हायची, पुढे नवलाई ओसरून ती ऐंशी-शंभरांवर स्थिरावली, आणि तरीही शंभर माणसांना एक पडदा म्हणजे सभाच. दहा माणसं एका खोलीत बसली की वर्ग होतो. त्या बारा दिवसांत फक्त चित्र नव्हतं. रेडिओवरचे पाठ होते, छापील साहित्य होतं, हातानं करायचे प्रयोग होते आणि प्रत्यक्ष हजर असलेल्या मार्गदर्शकाबरोबर चर्चा होती. पडद्यावर जे दिसलं ते त्याच दिवशी करून बघायचं, अडलं तर शेजारच्या गुरुजींना विचारायचं. आज याला मिश्र अध्यापन म्हणून नवं नाव देतात आणि त्याच्या कार्यशाळा घेतात.

त्या काळी २४,००० शिक्षकांना नेहमीच्या पद्धतीनं प्रशिक्षण द्यायचं तर किती वर्षं लागली असती? जिल्ह्याच्या गावी बोलवायचं, राहण्याची सोय करायची, प्रवासभत्ता द्यायचा, आणि तज्ज्ञ आणायचे कुठून. शिवाय एका तज्ज्ञानं दहा जणांना शिकवायचं, त्यांनी पुढच्या शंभरांना, त्यांनी हजारांना, या आपल्या लाडक्या पद्धतीत तिसऱ्या पायरीपर्यंत पोचता पोचता मूळ गोष्ट पार पातळ होते. उपग्रहानं ती मधली गळती टाळली आणि खोलीतल्या मार्गदर्शकानं दुरून शिकवण्यातला कोरडेपणा कमी केला.

निकाल

साइटचं मोजमाप हा तिचा दुसरा मोठा गुण. प्रयोग आखतानाच समाजशास्त्रज्ञांची तुकडी त्यात होती. मोठी सर्वेक्षणं झाली. त्याशिवाय सात गावांत मानववंशशास्त्रज्ञ प्रत्यक्ष जाऊन राहिले: संच येण्याआधी, तो असताना आणि तो गेल्यावर. शिक्षणातल्या किती सरकारी योजनांत मूल्यमापन करणारा माणूस योजनेच्या आधी गावात पोचलेला असतो?

मोठ्यांच्या बाबतीत आरोग्य आणि कुटुंबनियोजनाच्या माहितीत भर पडलेली दिसली. पुरुषांपेक्षा स्त्रियांच्यात ती अधिक होती आणि साक्षरांपेक्षा निरक्षरांच्यात. टपालाच्या शिक्षणानं ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं नेमकं त्यांनाच हे माध्यम लागू पडलं, त्यामुळे एवढ्या एका निष्कर्षावर साराभाईंची उलटी वाट बरोबर ठरते. शेतीत मात्र म्हणावा तसा फरक पडला नाही. माझ्या अंदाजानं त्याचं कारण सोपं आहे. मुलाला लस कधी टोचायची याचं उत्तर जयपूरला आणि रायचूरला एकच असतं, ज्वारीला पाणी कधी द्यायचं याचं उत्तर शेजारच्या शिवारातही वेगळं असतं. शिवाय कार्यक्रमात सांगितलेलं बियाणं दुकानात नसेल तर बघून उपयोग काय.

मुलांचा निकाल अधिक बोलका आहे. ज्या शाळांत संच होता तिथल्या मुलांची भाषा सुधारली, ती जास्त बोलू लागली, आजूबाजूच्या गोष्टींबद्दल जास्त विचारू लागली. पण शालेय विषयांतल्या गुणांत फारसा फरक पडला नाही. पटसंख्या वाढली नाही, गळतीही थांबली नाही. गुरं राखायला किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहणाऱ्या मुलीला साडेबावीस मिनिटांचं चित्र शाळेत कसं आणणार होतं? आणि वर्गात काय घडत होतं, तर बहुतेक ठिकाणी गुरुजी संच लावून देत आणि बाजूला बसत. कार्यक्रमाआधी दोन वाक्यं आणि नंतर थोडी चर्चा, ही अपेक्षा कागदावर राहिली. ज्या गुरुजींच्या हाती पडदा दिला त्यांना 'आता तुम्ही नक्की काय करायचं' हे शिकवण्याची व्यवस्था मुलांच्या कार्यक्रमाला जोडलेली नव्हती. विज्ञानाचं प्रशिक्षण मिळालं, ते सुट्टीत आणि स्वतंत्रपणे.

मग काय ठरलं?

३१ जुलै १९७६ला प्रक्षेपण थांबलं. मुदत वाढवून मिळावी अशी भारताची इच्छा होती, पण नासानं उपग्रह ठरल्याप्रमाणे परत सरकवला. जमिनीवरून प्रक्षेपण करणारी केंद्रं जयपूर, रायपूर, गुलबर्गा, संबळपूर, मुझफ्फरपूर आणि हैदराबाद इथे उभी करून साइटमधल्या काही गावांची सोय झाली, सगळ्यांची नाही. उरलेल्या गावांत जाळीची छत्री तेवढी राहिली.

दिल्लीनं या प्रयोगातून काढलेला धडा असा: उपग्रहावरून दूरचित्रवाणी देशभर नेता येते. तो खराच होता, आणि त्यातून इन्सॅट ही भारताची स्वतःची उपग्रहमालिका आली. इन्सॅट-१ए एप्रिल १९८२मध्ये उडाला आणि काही महिन्यांतच निकामी झाला, इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३मध्ये उडाला आणि टिकला. मधल्या काळात १५ ऑगस्ट १९८२ला रंगीत राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झालं, नोव्हेंबरात आशियाई खेळ झाले, आणि लहान प्रक्षेपकांचं जाळं शहरांमागून शहरं जोडत गेलं. म्हणजे साराभाईंनी नाकारलेली सरळ वाट, आधी शहर मग खेडं, उपग्रह हाती असूनही पुन्हा धरली गेली.

दुसरी एक शक्यता मात्र त्याच वर्षी गुजरातेत रुजली होती. खेडा जिल्ह्यात पीज गावी लहानसा प्रक्षेपक होता. साइटचे कार्यक्रम तिथून जात, पण त्यांच्या जोडीला अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातले लोक खास त्या जिल्ह्यासाठी, तिथल्या बोलीत कार्यक्रम करत. संच दूध सहकारी सोसायट्यांत किंवा पंचायतीत ठेवलेले होते. मजुरी कमी देणं, जातीवरून वागवणं, सरकारी कचेरीत खेटे घालायला लावणं, हे विषय गावकऱ्यांना कॅमेऱ्यापुढे आणून बोलले जात. साइट संपली तरी पीज दहाएक वर्षं चाललं, १९८४मध्ये त्याला युनेस्कोचा ग्रामीण संपर्कासाठीचा पुरस्कार मिळाला, आणि १९८५मध्ये बंद झालं. पुरस्कार आणि टाळं यांत वर्षाचं अंतर. एका जिल्ह्यासाठी एक प्रक्षेपक ही गोष्ट राष्ट्रीय जाळ्याच्या हिशोबात बसत नव्हती.

महाराष्ट्राचा संबंध इथून पुढे येतो. इन्सॅटवरून शालेय कार्यक्रम दाखवण्यासाठी जी राज्यं निवडली त्यांत आपलं होतं, आणि त्यासाठी १९८४मध्ये पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था, म्हणजे बालचित्रवाणी, उभी राहिली. तिच्या कार्यक्रमांवर वाढलेली एक आख्खी पिढी आज चाळिशीत आहे. मराठी मुलांसाठी मराठीत, मराठी मातीतले कार्यक्रम हा साइटच्या भाषेच्या प्रश्नावरचा अगदी योग्य तोडगा होता. पण कार्यक्रमाच्या वेळी शाळेत वीज आहे का, संच चालतो का, गुरुजी नंतर काय करतात, यातलं काहीच बालचित्रवाणीच्या हातात नव्हतं. संस्था कार्यक्रम करत राहिली आणि २०१७मध्ये राज्य सरकारनं ती बंद केली.

तीनच वर्षांनी, २०२०च्या जुलैत, शाळा बंद असताना एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनच्या 'टिलीमिली' या मालिकेला सह्याद्री वाहिनीवर जागा मिळाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात होता, तिथे दूरचित्रवाणीच पोचू शकली. केंद्र सरकारनं त्याच वर्षी 'एक इयत्ता, एक वाहिनी' जाहीर केलं, आणि २०२२च्या अर्थसंकल्पात वाहिन्यांची संख्या १२वरून २००वर नेण्याची घोषणा झाली. वाहिन्या २००, एका संचापुढे शिक्षक किती आणि त्यांच्याबरोबर खोलीत कोण, याचा आकडा त्या घोषणेत नव्हता.